न सांगता निघून जाणारी डिस्क

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कवितेचा माणूस. बी.ए. झालो तेव्हा आमच्या मारेगावात टाइपरायटरसुद्धा मोजकेच होते. आज माझ्या टेबलावर जुना डेस्कटॉप संगणक आहे आणि त्यात लिनक्स आहे. संगणक जुना म्हणून भाच्याने ती घालून दिली. ती बरी चालत होती. पण एका रात्री, अकराच्या सुमाराला, पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारे बाहेरच्या डिस्कचे चित्र दिसेनासे झाले. मी डिस्कला हातही लावलेला नव्हता. वायर काढून पुन्हा लावली, चित्र आले. दहा मिनिटांनी पुन्हा गेले.

त्या डिस्कमध्ये काय होते ते आधी सांगतो. तीस वर्षांपूर्वी मी घरच्या टेपरेकॉर्डरवर माझ्या अम्मीचा आवाज भरून ठेवला होता. घरात आम्ही उर्दूमिश्रित बोली बोलत असू, पण जात्यावर बसली की अम्मी शेजारणींबरोबर मराठी ओव्या म्हणायची. जात्याची घरघर, मध्येच बांगड्यांचा आवाज, कुणाचे तरी हसणे, असे सगळे त्या कॅसेटींत होते. त्यातल्या बऱ्याच बाया आज हयात नाहीत. अम्मीही नाही. फिती झिजू लागल्या म्हणून मी एकेक कॅसेट संगणकात उतरवून घेत होतो आणि त्या फाइली या डिस्कमध्ये ठेवत होतो.

हे वेड माझ्या एकट्याचे नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’, म्हणजे पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, त्या सर्वांसाठी प्रसिद्ध करीत आहे. माझा ठेवा त्यापुढे मूठभर. पण मूठभर असला तरी तो एकाच डिस्कवर होता, आणि ती डिस्क न सांगता निघून जात होती.

दुसऱ्या दिवशी एका दुकानात विचारले. त्यांनी डिस्क हातातही न घेता निकाल दिला, ‘गेली ही. फॉरमॅट करून पाहू.’ फॉरमॅट म्हणजे आतले सगळे पुसून पाटी कोरी करणे. मी घाबरून घरी आलो आणि पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘मामू, डिस्कवर राग काढू नका. आधी मशीनला विचारा काय झालं ते. लिनक्स सगळं लिहून ठेवते.’

आज मला सांगायचे आहे ते एवढेच. डिस्क गायब झाली की अंदाज बांधत बसू नका, नोंदवही वाचा.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. आपण डिस्कची वायर लावतो तेव्हा दोन गोष्टी घडतात. पहिली, संगणक त्या यंत्राला ओळखतो. दुसरी, त्यातल्या फाइली आपल्याला दिसाव्यात म्हणून तो डिस्क एका फोल्डरशी जोडतो. या जोडण्याला ‘माउंट’ म्हणतात. पाहुणा फाटकापाशी येणे वेगळे आणि आपण त्याला घरात घेणे वेगळे. डिस्क ‘गेली’ असे आपण म्हणतो तेव्हा पाहुणा फाटकावरूनच परतला, की घरातून बाहेर पडला, हे आधी ठरवावे लागते. कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

ते ठरवण्याची रीत सोपी आहे. टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडायची. त्यात सुडो हा शब्द लिहायचा, मग मोकळी जागा, मग डी, एम, ई, एस, जी ही पाच अक्षरे एकत्र, पुन्हा मोकळी जागा, आणि शेवटी एक आडवी रेघ व तिला लागून डब्ल्यू. सगळी अक्षरे इंग्रजी आणि लहान लिपीतली. पासवर्ड दिला की नोंदवही उघडते आणि नवी ओळ आली की खाली उमटत जाते. खिडकी तशीच उघडी ठेवून नेहमीचे काम करीत राहायचे. डिस्क गेली की शेवटच्या आठ-दहा ओळी वाचायच्या. तिथे तीनपैकी एक उत्तर सापडते.

पहिले उत्तर : ‘यूएसबी डिसकनेक्ट’. याचा अर्थ पाहुणा फाटकावरूनच गेला, म्हणजे विजेचा किंवा जोडणीचा संबंध तुटला. डिस्क खराबच असेल असे नाही. माझ्या नोंदवहीत हीच ओळ होती.

इथे बाहेरून आत जायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. सगळ्यात आधी वायर. डिस्कबरोबर आलेली आखूड वायर हरवते आणि आपण मोबाइलच्या चार्जरची लांब, बारीक वायर लावतो. तिच्यातून जाताना विजेचा दाब घटतो. मग संगणकाचे भोक. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूची भोके आतून आणखी एका वायरने मदरबोर्डपर्यंत गेलेली असतात, मागची थेट मदरबोर्डवरच असतात. म्हणून डिस्क मागेच लावावी. आमच्याकडे आणखी एक गोष्ट होते. कापसाच्या हंगामात हवेतले तंतू त्या भोकांत जाऊन बसतात. संगणक बंद करून मी लाकडी दातकोरणीने अलगद काढले, तर बोंडातून निघावी तशी सरकी नसलेली रुई निघाली.

मग विजेचा हिशेब. यूएसबी २.० च्या भोकातून ५०० मिलिअँपिअर प्रवाह मिळेल असे ठरलेले आहे, ३.० च्या भोकातून ९००. खिशात मावणारी फिरत्या चकतीची डिस्क सुरू होताना, चकतीला गती देण्यासाठी, काही क्षण याहून जास्त प्रवाह मागू शकते. तो मिळाला नाही की ती बंद पडते, पुन्हा सुरू होते, पुन्हा बंद पडते. कान लावला तर टिक-टिक ऐकू येते. एकाच भोकातून हबने कीबोर्ड, माउस आणि डिस्क असे तिघे जण जेवत असतील तर हे हमखास होते. अशा वेळी स्वतःचा अॅडॉप्टर असलेला हब घ्यावा. मोठ्या डिस्कला वेगळा अॅडॉप्टर असतोच. पण आपण संगणक यूपीएसवर लावतो आणि डिस्कचा अॅडॉप्टर भिंतीतल्या साध्या सॉकेटमध्ये. संध्याकाळी दिवे क्षणभर मंद होतात तेव्हा संगणक तगतो आणि डिस्क जाते. दोष मात्र लिनक्सला मिळतो. दोन्ही यूपीएसवरच हवेत.

वायर बदलून आणि मागचे भोक घेऊन माझी डिस्क टिकू लागली. तरी मी चहाला उठलो आणि बराच वेळ गेला की ती पुन्हा जायची. काम चालू असताना कधीच नाही. हे लक्षण झोपेचे. वीज वाचवण्यासाठी रिकाम्या यूएसबी यंत्राला झोपवण्याची सोय लिनक्समध्ये आहे. साधारणपणे डेस्कटॉपवर ती डिस्कला लागू नसते, पण मी वीजबचतीचा एक प्रोग्रॅम हौसेने बसवला होता. लॅपटॉपच्या बॅटरीसाठी केलेला तो प्रोग्रॅम माझ्या डिस्कलाही झोपवत होता आणि तिला पुन्हा जाग येत नव्हती. त्यातली यूएसबीची बचत बंद केली आणि माझा प्रश्न सुटला.

याच पहिल्या उत्तराचे आणखी एक रूप आहे. ‘डिसकनेक्ट’च्या आधी ‘रिसेट’ आणि ‘यूएएस’ हे शब्द वारंवार दिसले, तेही मोठी फाइल चढवताना, तर डिस्कच्या डबीतली चिप संशयित समजावी. यूएएस ही डिस्कशी बोलण्याची नवी, वेगवान रीत. काही डब्यांतल्या चिपांना ती नीट झेपत नाही. त्या एका डबीपुरती जुनी रीत वापर, असे लिनक्सला सांगता येते. वेग थोडा कमी होतो, पण डिस्क टिकते. हे काम जाणकाराला शेजारी बसवून करावे.

दुसरे उत्तर : ‘आय-ओ एरर’. संबंध तुटलेला नाही, पण डिस्कवरचे वाचता येत नाही किंवा तिच्यावर लिहिता येत नाही. वायर बदलूनही ही ओळ पुन्हा पुन्हा आली तर मात्र हात थांबवावा. लिनक्समधल्या ‘डिस्क्स’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये ‘स्मार्ट’ म्हणून डिस्कची प्रकृतीची पत्रिका पाहता येते, मात्र काही डब्या ती दाखवत नाहीत. तिच्यातले ५ आणि १९७ क्रमांकाचे रकाने पाहावेत. ५ मध्ये खराब म्हणून बदललेल्या जागा मोजलेल्या असतात, १९७ मध्ये वाचता न आलेल्या, संशयित जागा. हे आकडे दिवसेंदिवस वाढत असतील तर चकती झिजते आहे. अशा डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग करू नयेत. आधी ‘डीडीरेस्क्यू’ नावाच्या प्रोग्रॅमने तिची नक्कल दुसऱ्या चांगल्या डिस्कवर उतरवावी. तो आधी सहज वाचता येणारा भाग काढून घेतो आणि अवघड जागांकडे नंतर वळतो. दुरुस्ती करायची ती त्या नकलेवर. फॉरमॅटचा सल्ला देणाऱ्याला तर नमस्कार करून उठावे.

तिसरे उत्तर : नोंदवहीत यातले काहीच नाही, किंवा फाइलींच्या मांडणीविषयी तक्रार आहे. म्हणजे पाहुणा फाटकातच उभा आहे, पण घरात नाही. बहुधा मागे कधी तरी वायर ओढल्यामुळे मांडणी विस्कटलेली असते. मग लिनक्स डिस्कला आत घेत नाही, किंवा फक्त वाचू देते, लिहू देत नाही. हीच डिस्क तुम्ही विंडोजलाही लावत असाल तर विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. त्यामुळे विंडोज पुरती न मिटता अर्धवट झोपते आणि डिस्कचा हिशेब उघडाच राहू शकतो. मांडणी तपासण्याचे प्रोग्रॅम आहेत, पण ते डिस्क उतरवून मगच चालवायचे. जोडलेल्या डिस्कवर चालवले तर असलेलेही बिघडते.

आणखी एक गोंधळ होतो. डिस्क झटक्यात जाऊन परत आली की तिचे नाव बदलू शकते. आधी एसडीबी असलेली आता एसडीसी होते, कारण जुने नाव कुठल्या तरी उघड्या प्रोग्रॅमने धरून ठेवलेले असते. डिस्क समोर दिसते, पण प्रोग्रॅम जुन्या पत्त्यावर पत्र पाठवत राहतो. सगळे प्रोग्रॅम बंद करावेत, डिस्क रीतसर उतरवावी आणि पुन्हा लावावी.

आता माझी चूक सांगतो. लिनक्समध्ये फाइल डिस्कवर पाठवली की ती आधी संगणकाच्या स्मृतीत जाते आणि तिथून सवडीने डिस्कवर उतरते. पडद्यावरची पट्टी भरली, ‘झाले’ असे दिसले, तरी लिहिण्याचे काम मागे चालूच असते. कधी अर्धा मिनिट, डिस्क संथ आणि फाइल मोठी असली तर त्याहून जास्त. म्हणून ‘सेफली रिमूव्ह’ म्हणायचे, किंवा टर्मिनलमध्ये सिंक ही आज्ञा द्यायची, आणि ती संपेपर्यंत थांबायचे.

मी थांबलो नव्हतो. डिस्क जाऊ लागण्याच्याही आधीची ही गोष्ट. एका कॅसेटची पूर्ण बाजू, ४५ मिनिटांची, मी ‘कट’ करून डिस्कवर ‘पेस्ट’ केली. पट्टी भरली आणि मी वायर ओढली. ‘कट’ केले होते म्हणून संगणकातली मूळ फाइल पुसली गेली होती आणि डिस्कवर पुरती उतरली नव्हती. उतरवून झालेल्या कॅसेटी मी त्याच आठवड्यात भंगारवाल्याला दिल्या. डिस्कचा हा सगळा तपास करताना प्रत्येक फाइल ऐकून पाहिली, तेव्हा कळले. त्या फाइलीत ११ मिनिटे आहेत. अकराव्या मिनिटाला अम्मी एक ओवी सुरू करते आणि पहिल्या ओळीतच आवाज थांबतो. पुढची ओळ मला आठवत नाही. ती आठवणारे आता कुणी नाही.

तेव्हापासून घरात तीन नियम आहेत. डिस्कवर ठेवायची वस्तू ‘कट’ करायची नाही, ‘कॉपी’ करायची. मूळ वस्तू काढायची ती नवी प्रत शेवटपर्यंत ऐकल्यावर. आणि प्रती तीन ठेवायच्या, त्यांतली एक दुसऱ्या गावात. माझी तिसरी प्रत भाच्याकडे पुण्यात आहे. महिन्यातून एकदा तो ती लावून पाहतो आणि मला फोनवर त्यातला एखादा तुकडा ऐकवतो.

तुमच्या घरीही अशी एखादी डिस्क असेल. लग्नाचे फोटो असतील, वडिलांचा आवाज असेल, शेताच्या कागदांच्या प्रती असतील. ती अजून नीट चालत असेल, तर आज संध्याकाळीच तिची दुसरी प्रत काढा. आणि वायर ओढण्याआधी थोडे थांबा.