चिलेटेड लोह जमिनीतून देताय? आधी सामू बघा!



उसात केवडा दिसला, सोयाबीनचे शेंडे पिवळे पडले की आपण फेरस ईडीटीए आणतो आणि ठिबकमधून सोडतो. काही रानांत फरक पडतो, काही रानांत पैसे वाया जातात. असं का होतं?

ईडीटीए हे खेकड्याच्या नांगीसारखं काम करतं. लोह, जस्त अशा धातूंना ते सगळ्या बाजूंनी पकडून ठेवतं. त्यामुळे लोह मातीत घट्ट न होता विरघळलेलं राहतं आणि मुळांना मिळतं.

पण ही नांगी कॅल्शियमही धरते. रक्त तपासायला जांभळ्या झाकणाची नळी वापरतात ना, तिच्यात ईडीटीएच असतं. ते रक्तातला कॅल्शियम धरतं, म्हणून रक्त गोठत नाही. चुनखडीच्या रानातही तेच होतं. तिथं कॅल्शियम भरमसाट. नांगी लोह सोडते, कॅल्शियम धरते. सुटलेलं लोह मातीत अडकतं आणि पीक पिवळंच राहतं.

मग काय करायचं?

१) माती परीक्षणाच्या अहवालात सामू आणि मुक्त चुनखडी बघा. सामू ७ च्या वर असेल तर लोहाचं ईडीटीए जमिनीतून देऊ नका.

२) अशा रानात फवारणी करा. १२ टक्के लोहाचं ईडीटीए लिटरला १ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५ ग्रॅम. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर फवारा. नवीन येणारं पान पिवळंच असेल तर ८-१० दिवसांनी परत घ्या.

३) ठिबकमधूनच द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं लोह घ्या. ते महाग आहे, पण चुनखडीतही टिकतं. पाण्यात गडद लाल रंग येतो.

४) जस्ताचं ईडीटीए चुनखडीच्या रानात लोहापेक्षा बरंच जास्त टिकतं. दोन्हींना एकच नियम लावू नका.

५) बोर्डो किंवा इतर तांबेयुक्त औषधात चिलेट मिसळू नका.

खरेदीआधी एवढं बघा: कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता. खालची जुनी पानं पिवळी, तर बहुधा नत्र कमी. आणि रानात पाणी साचलं असेल तर आधी वाफसा येऊ द्या. कित्येकदा तेवढ्यानंच पीक हिरवं होतं.

शंका असेल तर पानाचा फोटो आणि माती अहवाल दोन्ही ग्रुपवर टाका. नुसत्या फोटोवर औषध विचारू नका.