एका गुणाचा हंगाम



हंगाम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे खरीप आणि रब्बी उभे राहतात. पण अलीकडे तुमच्यापैकी कित्येकांच्या घरात तिसराही एक हंगाम शिरला आहे. तो मार्चमध्ये सुरू होतो आणि डिसेंबरात संपतो. रविवारी संध्याकाळी धारा काढायची वेळ होते, आई हाका मारून थकते, आणि कॉलेजात जाणारे चिरंजीव मोबाइलवरून मान वर करीत नाहीत. रागे भरावे तर म्हणतात, "शेवटच्या पाच फेऱ्या राहिल्यात, थांब ना!" ही फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत. युरोपात दुपारी सुरू होते ती आपल्याकडे संध्याकाळी दिसते, म्हणून नेमकी धारांच्या वेळेला आडवी येते.

गावोगाव हिंडताना मला वडीलमंडळी विचारतात, "साहेब, त्याच त्या रस्त्यावर गोल गोल फिरणाऱ्या गाड्यांत पाहण्यासारखे काय असते हो?" प्रश्न रास्त आहे. एकच शर्यत पाहिली तर खरोखरच फारसे काही कळत नाही. गोडी असते ती साऱ्या हंगामाचा हिशेब ठेवण्यात. म्हणून मी तुम्हाला एक हंगामच सांगतो, १९७६ सालचा. मी तेव्हा मराठी शाळेत पाटी घेऊन जाणारा पोर होतो आणि मोटार म्हणजे फक्त एस.टी. हे सारे मागाहून वाचून आणि जुनी चित्रे पाहून कळले. पण जाणते शौकीन आजही या हंगामाचे नाव काढतात.

आधी हिशेब समजून घ्या. त्या वर्षी निरनिराळ्या देशांत मिळून सोळा शर्यती होत्या. पहिल्या सहा जणांना अनुक्रमे ९, ६, ४, ३, २ आणि १ असे गुण. वर्षअखेर ज्याची बेरीज जास्त तो जगज्जेता. आपल्या यात्रेतल्या शर्यतीचा निकाल दिवस मावळायच्या आत लागतो, गुलाल उधळला की विषय संपला. इथे मात्र जानेवारीत गमावलेला गुण ऑक्टोबरात छळतो. गाड्या कशा, तर वजन सहाशे किलोच्या आतबाहेर, म्हणजे चांगल्या पोसलेल्या मुऱ्हा म्हशीहून थोडे अधिक, आणि इंजिनाची ताकद पाचशे अश्वशक्तीच्या जवळपास. तुमच्या दारातल्या दहा-बारा ट्रॅक्टरांची ताकद एका म्हशीच्या अंगात घातली असे समजा, आणि तिच्या पाठीवर पेट्रोलच्या टाक्यांच्या मधोमध एक माणूस निजवला असे समजा.

सामना दोघांत होता. एक निकी लाउडा, ऑस्ट्रियाचा, वय सत्तावीस. आदल्या वर्षीचा जगज्जेता. इटलीच्या फेरारी कंपनीची लाल गाडी चालवणारा. मोजून-मापून बोलणारा, गाडीचा प्रत्येक खिळा तपासणारा. दुसरा जेम्स हंट, इंग्रज, वय अठ्ठावीस. मॅक्लॅरेन संघाचा. उंच, देखणा, रंगेल, आणि शर्यतीपूर्वी मनाच्या ताणाने ओकारी करणारा. दोघे एकमेकांचे चांगले मित्र. भांडत होते ते त्यांचे चाहते.

इटलीत फेरारीच्या चाहत्यांना 'तिफोसी' म्हणतात. हा शब्द टायफस नावाच्या तापावरून आला. ज्यांना हा ताप चढला ते तिफोसी! चालक कुठल्या देशाचा याच्याशी त्यांना कर्तव्य नसते, गाडी लाल हवी. इंग्रजांचे उलट. गाडी कुठलीही चालेल, माणूस आपला हवा.

हंगामाच्या पूर्वार्धात लाउडाने सपाटा लावला. हंटने २ मे रोजी स्पेनची शर्यत जिंकली, पण मोजणीत त्याची गाडी नियमापेक्षा १.८ सेंटिमीटर जास्त रुंद भरली. बोटाच्या रुंदीएवढ्या फरकापायी पहिला नंबर गेला! पुढे दाद मागितल्यावर जुलैत तो परत मिळाला. जमिनीच्या मोजणीवरून तालुक्याला खेटे घातलेल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

आता १८ जुलैकडे या. इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅच या ठिकाणी शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच वळणावर लाउडाला त्याचाच जोडीदार क्ले रेगाझोनी घासला. मागून येणारा हंट त्या गोंधळात सापडला, गाडी उडाली, चाकाचा सांधा मोडला. शर्यत थांबवली गेली. हंटने लंगडणारी गाडी आडवाटेने परत आणली. पंच म्हणाले, याने फेरी पुरी केलेली नाही, फेरसुरुवातीत याला घेता येणार नाही.

मग जे झाले ते आपल्या कुस्तीच्या फडात तुम्ही पाहिले असेल. पंचाचा निकाल पटला नाही की लोक कसे उठतात! हजारो प्रेक्षक पाय आपटू लागले, हंटच्या नावाने ओरडू लागले, काहींनी रिकामे डबे भिरकावले. पंच खलबत करीत राहिले आणि तेवढ्या वेळात मॅक्लॅरेनच्या मिस्त्री लोकांनी गाडी दुरुस्त करून उभी केली. हंटला घेतले गेले. तो जिंकला, लाउडा दुसरा आला. प्रेक्षकांना वाटले, आपण न्याय मिळवला. फेरारीने मात्र रीतसर तक्रार गुदरली. ती चौकशीत पडून राहिली, आणि चाहते घरोघर ५८ विरुद्ध ३५ असा आकडा लिहून बसले. लाउडा बराच पुढे.

दोनच आठवड्यांनी, १ ऑगस्टला, जर्मनीत न्यूरबर्गरिंग येथे शर्यत होती. एक फेरी जवळजवळ तेवीस किलोमीटरची, डोंगर-जंगलातून चढ-उतार करीत जाणारी. आदल्या वर्षी हीच फेरी सात मिनिटांच्या आत पुरी करणारा पहिला माणूस लाउडा, म्हणजे त्याला रस्ता जमत नव्हता असे कोणी म्हणू शकत नव्हते. तोच सांगत होता की इतक्या लांब रस्त्यावर आग विझवणारी माणसे पुरी पडणार नाहीत, इथे शर्यत नको. चालकांनी आपसांत मत घेतले. बहुमत विरुद्ध गेले, शर्यत झाली.

दुसऱ्याच फेरीत लाउडाची गाडी रस्ता सोडून बांधावर आदळली, पेटली आणि जळतच परत रस्त्यावर आली. रस्त्याकडेच्या एका हौशी प्रेक्षकाच्या ८ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात हे सापडले, म्हणून जगाला दिसले. आग विझवणारे वेळेवर पोचलेच नाहीत. मागून आलेले चार चालक, आर्तुरो मेर्झारिओ, गाय एडवर्ड्स, ब्रेट लंगर आणि हाराल्ड एर्टल, आपापल्या गाड्या सोडून धावले. मेर्झारिओने ज्वाळांत हात घालून पट्टा सोडला. शर्यतीचे गुण गेले खड्ड्यात. असा प्रसंग आला की माणूस काय करतो ते त्या चौघांनी दाखवले. लाउडाचा चेहरा भाजला, उजवा कान बहुतेक गेला, आणि विषारी धुराने फुप्फुसे होरपळली. रुग्णालयात धर्मगुरूने अखेरचे संस्कारही उरकले.

आता चाहत्यांच्या वहीकडे पाहा. ती थांबत नाही, हीच तर या खेळाची निष्ठुर बाजू आहे. फेरसुरुवात झालेली ती शर्यत हंटने जिंकली. ऑस्ट्रियात तो चौथा आला, हॉलंडमध्ये पुन्हा पहिला. नऊ, तीन, नऊ. पस्तिसाचे छप्पन्न झाले. ५८ विरुद्ध ५६! रुग्णालयातल्या माणसाला हा आकडा कळत होता. शिवाय फेरारीने त्याच्या जागी कार्लोस राउटेमान या चालकाची तजवीजही केली होती. बैल आजारी पडला की दावणीला दुसरा आणायचा, तसेच हे. व्यवहार म्हणून ठीक असेल, पण मला ते रुचले नाही.

१२ सप्टेंबरला इटलीत मोंझा येथे लाउडा परत गाडीत बसला. अपघाताला फक्त बेचाळीस दिवस झाले होते. जखमा ओल्या होत्या, शर्यतीनंतर डोक्यावरचे कापड रक्ताने चिकटलेले निघाले. तो चौथा आला आणि तिफोसींनी त्याला डोक्यावर घेतले. त्याच तिफोसींनी त्या दिवशी हंटचे काय केले तेही सांगायला हवे. त्याच्या गाडीतले पेट्रोल नियमाबाहेरचे ठरवून त्याला सर्वांच्या मागून सोडले होते. घाईत तो रस्त्याबाहेर गेला, आणि पायी परत येताना लोकांनी त्याची हुर्यो उडवली. ब्रँड्स हॅचचे ओरडणारे आणि मोंझाचे ओरडणारे यांत मला फार अंतर दिसत नाही.

२४ सप्टेंबरला पॅरिसमध्ये जुन्या तक्रारीचा निकाल लागला. ब्रँड्स हॅचचा विजय हंटकडून काढून लाउडाला दिला. प्रेक्षकांनी पाय आपटून मिळवलेले नऊ गुण कागदावर एका ओळीत गेले. लाउडा ६४, हंट ४७, आणि तीन शर्यती बाकी. इंग्लंडमध्ये अनेकांनी वही मिटली असेल. पण हंटने कॅनडा जिंकले, अमेरिका जिंकली, तिथे लाउडा तिसरा आला. ६८ विरुद्ध ६५. शेवटची शर्यत २४ ऑक्टोबरला जपानमध्ये, फुजी पर्वताच्या पायथ्याशी.

त्या दिवशी तिथे धो धो पाऊस होता आणि वर धुके. इथे टायरचा मुद्दा समजून घ्या. रस्त्यावर पाणी साचले आणि वेग जास्त असला की टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो, गाडी जमिनीला टेकतच नाही, मग स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही. पुढच्या गाडीने उडवलेल्या पाण्याने समोरचे दिसत नाही ते वेगळेच. लाउडाच्या तर भाजलेल्या पापण्या नुकत्याच शस्त्रक्रियेने सांधलेल्या. बराच वेळ थांबून, चालकांची नाराजी असतानाही, अंधार पडायच्या आत उरकायची म्हणून शर्यत सुटली. युरोपात तेव्हा उजाडत होते.

दोन फेऱ्या झाल्या आणि लाउडा गाडी आत घेऊन उतरला. फेरारीचे मुख्य अभियंता माउरो फोर्गिएरी यांनी त्याला सुचवले की इंजिन बिघडले असे आपण सांगू. लाउडाने नकार दिला. अशा पावसात गाडी हाकणे हा वेडेपणा आहे, म्हणून मी थांबलो, हेच त्याने सांगितले. आणखीही तीन चालकांनी त्या दिवशी गाडी सोडली, पण त्यांच्यापुढे जगज्जेतेपद नव्हते. मला या साऱ्या हंगामात सर्वांत अवघड गोष्ट हीच वाटते, मोंझाला परत येण्यापेक्षाही. सहा आठवड्यांपूर्वी ज्यांनी खांद्यावर घ्यायचे बाकी ठेवले होते त्या लोकांना खोटे सांगायची सोय आयती चालून आली होती, आणि तरी तो खरे बोलला. इटलीतल्या काही वृत्तपत्रांनी त्याला भित्रा म्हटले.

हंट बराच काळ पुढे होता. पाऊस थांबला, रस्ता वाळत चालला. खोल खाचांचे पावसाळी टायर कोरड्या डांबरावर तापून झिजतात. ट्रॅक्टर डांबरी सडकेवरून रोज पळवणाऱ्याला ते वेगळे सांगायला नको. अखेरच्या फेऱ्यांत टायर गेला, तो बदलायला आत यावे लागले आणि हंट पाचवा झाला. तिसरा आला तरच चार गुण आणि एकूण ६९. त्याने एका गाडीला ओलांडले, मग रेगाझोनीला, म्हणजे लाउडाच्याच जोडीदाराला, आणि ७३वी फेरी संपली. स्वतः हंटला हिशेब लागला नव्हता. आपण हरलो असे समजून तो उतरला तोच संघाचे व्यवस्थापक टेडी मेयर यांच्यावर ओरडत, आणि मेयर त्याला तीन बोटे दाखवीत होते. ६९ विरुद्ध ६८.

लाउडा पुढच्या वर्षी, १९७७ साली, फेरारीकडूनच पुन्हा जगज्जेता झाला आणि दोन शर्यती बाकी असतानाच फेरारी सोडून गेला. न्यूरबर्गरिंगच्या त्या लांब रस्त्यावर फॉर्म्युला वनची शर्यत पुन्हा झाली नाही. बी.बी.सी.ने १९७८ पासून दूरचित्रवाणीवर या शर्यतींचा नेमाने कार्यक्रम सुरू केला, आणि निवृत्तीनंतर हंट त्याच कार्यक्रमात बोलायला बसू लागला. तो १९९३ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. लाउडाने १९८४ साली अर्ध्या गुणाने तिसरे जगज्जेतेपद मिळवले आणि तो २०१९ साली वारला. ही गोष्ट पडद्यावर पाहायची असेल तर २०१३ साली 'रश' नावाचा चित्रपट निघाला आहे. मुलांना माहीत असेल.

१९७७च्या ऑक्टोबरातली फुजीची शर्यत हंटनेच जिंकली. त्याचा तो शेवटचा विजय. पण त्या दिवशी सहाव्या फेरीत, लाउडाच्या जागी फेरारीत आलेल्या जिल व्हिलनव्ह या तरुणाची गाडी पुढच्या गाडीवर आदळून हवेत उडाली आणि कठड्यापलीकडच्या लोकांत पडली. ती जागा मनाईची होती. तरीही जवळून पाहायला मिळावे म्हणून लोक तिथे उभे होते, आपल्याकडे यात्रेत घाटाच्या अगदी कडेला उभे राहतात तसे. दोन माणसे दगावली, एक प्रेक्षक आणि एक त्यांना हटवू पाहणारा कार्यकर्ता. शर्यत चालूच राहिली. संपल्यावर पहिला आलेला हंट आणि दुसरा आलेला राउटेमान तडक निघून गेले, आणि पारितोषिकाच्या चौथऱ्यावर तिसरा आलेला पात्रिक देपाये एकटाच उभा राहिला.