दुखण्याचे मोल कसे ठरते?

रोजमेळात चार आण्यांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत दिवा न मालविणारी आपली व्यापारी मंडळी. परंतु रस्त्यावरील अपघातात हातपाय मोडला आणि भरपाईचा प्रश्न निघाला म्हणजे हा हिशेबीपणा कोठे जातो कोण जाणे! इस्पितळाचे बिल पुढे ठेवावयाचे आणि समोरचा पक्ष देईल ते पदरात पाडून मोकळे व्हावयाचे, असा पुष्कळांचा परिपाठ आम्ही पाहतो. बिलात न उतरलेल्या वेदनेचीही भरपाई कायद्याने मागता येते, हे त्यांच्या गावीही नसते. त्या वेदनेचे माप कसे काढतात, ते येथे सांगावयाचे योजिले आहे.

मोटार वाहन कायदा, 1988 अन्वये असे दावे मोटार अपघात दावे न्यायाधिकरणापुढे चालतात. जखमी मनुष्यास कोणत्या खात्यांवर भरपाई द्यावयाची, याची मांडणी सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात केली. एका बाजूस पैशात मोजता येणारी हानी: औषधोपचाराचा खर्च, उपचारकाळात बुडालेली कमाई, कायमच्या अपंगत्वाने पुढे बुडणारी कमाई आणि भावी उपचार. दुसऱ्या बाजूस वेदना, यातना व मनास बसलेला धक्का. जीवनातील सुखांस मुकणे. आणि आयुष्यच घटणे. साध्या दुखापतीत उपचारखर्च, मधल्या काळातील कमाई आणि वेदना एवढीच खाती धरली जातात. बाकीची गंभीर दुखापतीत, तसा वैद्यकीय पुरावा असेल तरच. म्हणजे वेदनेचे खाते लहानमोठ्या सर्वच दाव्यांत येते.

कमाईचे गणित व्यापाऱ्यास चटकन समजेल. समजा, 42 वर्षांच्या दुकानदाराचे वार्षिक उत्पन्न 6 लाख रुपये आहे आणि पायाच्या अपंगत्वाने त्याची कमाविण्याची शक्ती 15 टक्क्यांनी घटली आहे. 2017 च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे त्या वयाच्या स्वतंत्र व्यावसायिकास भावी वाढीपोटी 25 टक्के मिळवावयाचे. झाले साडेसात लाख. त्याचे 15 टक्के म्हणजे 1,12,500. यास 2009 च्या सरला वर्मा निकालातील त्या वयाचा गुणक 14 याने गुणिले की 15,75,000 रुपये निघतात.

वेदनेस असा गुणक नाही. एके काळी कोष्टक होते. 1994 च्या दुरुस्तीने कायद्यास जोडलेल्या परिशिष्टात गंभीर दुखापतीच्या वेदनेस 5,000 आणि किरकोळ दुखापतीच्या वेदनेस 1,000 रुपये नेमून दिले होते. दोष सिद्ध न करता भरपाई मागणाऱ्यांसाठी ती सोय होती. पुढे ती कलमासह गेली. अमेरिकेत उपचारखर्चाची दुप्पट-तिप्पट करून तडजोडीचा आकडा काढण्याची रीत आहे. परदेशस्थ नातलगांकडून ती ऐकून कोणी येथे तसा हिशेब मांडू लागेल तर फसेल. आपली न्यायालये बिलास वेदनेचे माप मानीत नाहीत. आणि ते योग्यच आहे, कारण धर्मार्थ इस्पितळात मोडलेले हाड कमी दुखत नाही.

मग पाहतात काय? दुखापतीचे स्वरूप, शस्त्रक्रिया किती झाल्या, इस्पितळात किती दिवस काढले, अंथरुणाला किती महिने खिळला, वय काय, आणि पुढील आयुष्यात काय उरले. 1995 च्या हत्तंगडी खटल्यात मुंबईचे एक ज्येष्ठ वकील व माजी न्यायाधीश बावन्नाव्या वर्षी कमरेखाली पांगळे झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यांस वेदनांसाठी दीड लाख आणि सुखहानीसाठी निराळे दीड लाख दिले. दोन्ही खाती वेगळी आहेत, हे ध्यानी घ्यावे: जे सोसले ते वेदनेत, नातवंडास उचलून घेता येत नाही, मांडी घालून पंगतीस बसता येत नाही, ते सुखहानीत. 2020 साली कायमची परावलंबी झालेल्या एका बालिकेस या दोन्हींपोटी मिळून 15 लाख मिळाले. 2024 च्या नोव्हेंबरात 90 टक्के अपंगत्व आलेल्या एका इसमास वेदनेच्या एकट्या खात्यावर 15 लाख. हे आकडे अतिगंभीर दुखापतींचे होत. मोडलेल्या मनगटास कोणी तेवढे मागू नये.

दुकानदाराच्या बाबतीत या खात्यास विशेष महत्त्व आहे. मालक खाटेवर असला तरी मुलगा वा भाऊ गादीवर बसतो, दुकान चालते, आणि पुढल्या वर्षीचे प्राप्तिकराचे विवरणपत्र पूर्वीइतकेच उत्पन्न दाखविते. विमा कंपनीचा वकील तेच पुढे करून म्हणतो, कमाई बुडाली कोठे? मदतीस ठेविलेल्या मुनिमाचा पगार वहीत असेल तर तो दाखविता येतो. परंतु ज्याने उत्पन्नच विवरणपत्रात कमी दाखविले, त्याचा कमाईचा दावा तेथेच लंगडा पडतो, आणि याबद्दल आम्हांस त्याची फारशी कीव येत नाही. वेदना व सुखहानी यांस मात्र विवरणपत्राची गरज नाही.

गरज आहे ती नोंदीची. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची टिपणे, व्यायामोपचाराच्या तारखा, वेदनाशामक औषधांच्या चिठ्ठ्या तारीखवार लावून ठेवाव्यात. झोप किती लागली, चालणे कधी जमले, हे घरच्यांनी वहीत उतरले तर साक्षीच्या वेळी आठवण धूसर होत नाही. अपंगत्वाच्या दाखल्यावर विसंबून राहू नये. एका अवयवाची टक्केवारी म्हणजे कमाईच्या हानीची टक्केवारी नव्हे, असे 2010 च्या निकालात बजाविले आहे. शक्य तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचीच साक्ष व्हावी. आणि जखम भरण्यापूर्वी तडजोडीच्या कागदावर सही करू नये. दुसरी शस्त्रक्रिया लागेल की नाही, हे तोवर कोणास ठाऊक नसते.

1 एप्रिल 2022 पासून अमलात आलेल्या दुरुस्तीत अर्जास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे; ती पाळूनच चालावे. अर्ज अपघात घडला तेथेच करावा असे नाही. जखमी जेथे राहतो किंवा व्यवसाय करितो तेथेही तो करता येतो. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी पुण्याच्या वाटेवर जखमी झाला, तर त्यास मोडक्या पायाने महाराष्ट्रातील न्यायालयांच्या पायऱ्या चढण्याचे कारण नाही. बेळगाव जिल्ह्यातच दावा लावता येईल.