बोल्ट फिरला म्हणजे आटे जुळले, असं नाही

सुरतेत उधना-पांडेसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये बोल्ट अजूनही सुतात मागतात. एक इंच म्हणजे आठ सूत. त्यामुळे अडीच सुती बोल्ट म्हणजे ५/१६ इंच, साधारण ७.९४ मिलिमीटर. शेजारच्या डब्यात आठ मिलिमीटरचा बोल्ट असतो. दोघांत फरक केसाएवढा. लूमवर हात बसलेला आपल्या खानदेशातला फिटर सांगतो, "नट दोन फेरे हाताने गेला ना, मग आटे तेच." हाच फिटर विमानाच्या कामाकडे वळला, की इंजिनावर याच समजुतीने घात होतो.

या दोन बोल्टच्या आट्यांचा कोन एकच, ६० अंश. फरक आट्यांमधल्या अंतरात, म्हणजे पिचमध्ये. आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टचा पिच १.२५ मिलिमीटर. अडीच सुतीत जाड आटे असतील तर १.४१, बारीक असतील तर १.०६. म्हणूनच चुकीचा नटही पहिले एक-दोन फेरे गोडीगुलाबीने जातो, मग अडतो. तिथे पाना लावला की आटे मेलेच. जुना ब्रिटिश व्हिटवर्थ बोल्ट असेल तर कोनही वेगळा, ५५ अंश. व्यास व्हर्नियरने मोजायचा, आट्यांवर पिच गेजचं पातं ठेवून उजेडाकडे धरायचं. दातांमधून उजेड दिसला तर ते पातं त्या बोल्टचं नव्हे.

पिच जुळला तरी काम संपत नाही. १० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजच्या बर्मिंगहॅम-मलागा विमानाची पुढची काच सुमारे १७ हजार फुटांवर उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले म्हणून तो वाचला. उड्डाणाआधीच ती काच नव्याने बसवली होती. ९० पैकी ८४ बोल्टचा व्यास ०.०२६ इंचाने कमी होता, पिच मात्र तोच. बोल्ट जुन्याशी नजरेने जुळवून घेतलेले. ते नटात फिरले. आटे घसरत होते, आणि बसवणाऱ्याला टॉर्कची मर्यादा आल्यासारखं वाटलं. मला हा प्रसंग कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोठा वाटतो. जुना बोल्ट हा पुरावा नव्हे, पार्ट्स कॅटलॉगमधला पार्ट नंबर हा पुरावा.

"अमेरिकन इंजिन, म्हणजे सगळं इंचात" हेही खरं नाही. लायकोमिंगसारख्या पिस्टन इंजिनाचे बोल्ट इंचात असतात, पण त्याचा स्पार्क प्लग १८ मिलिमीटरचा.

आता बिघडलेल्या आट्यांचं. आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला: "टॅप मारून घे." टॅप हे कापायचं हत्यार आहे. तो मळाबरोबर धातूही खातो आणि आटे सैल होतात. मळ, गंज काढायला थ्रेड चेझर वेगळा मिळतो. इंजिनाच्या बोल्टचे आटे बहुधा कापलेले नसून रोल केलेले असतात. तिथेच त्यांची ताकद आहे. म्हणून आटे खराब झालेला बोल्ट डायमधून काढून वापरायचा नाही, बदलायचा.

केसिंगमधल्या भोकाची गोष्ट वेगळी. तिथे स्टीलच्या तारेचा इन्सर्ट, म्हणजे हेलिकॉइल बसवतात. अनेकांना हा जुगाड वाटतो. प्रत्यक्षात ॲल्युमिनियममध्ये तो मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरतो, कारण इन्सर्टचा बाहेरचा व्यास मोठा असतो आणि झीज स्टील सोसतं. विमानाच्या पिस्टन इंजिनांत स्पार्क प्लगच्या भोकात तो कारखान्यातच बसवलेला असतो. मात्र भोक मोठं करायचा ड्रिल आणि टॅप त्या इन्सर्टचाच हवा, इन्सर्ट पृष्ठभागाच्या किंचित खाली राहिला पाहिजे, आणि इन्सर्ट फिरवून बसवायला त्याच्या टोकाला असलेली जीभ तोडल्यावर हातात आली पाहिजे. ती इंजिनात राहिली तर दुरुस्ती नव्हे, नवा बिघाड. आणि मॅन्युअलमध्ये त्या जागी इन्सर्टला परवानगी नसेल तर तो बसवायचाच नाही.

टॉर्क पाना क्लिक झाला म्हणजे निभावलं, असंही नाही. पान्याचा बराचसा जोर घर्षणातच जातो. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांवर वापरला, तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

वर्कशॉपमधून विमानाच्या कामाकडे वळणाऱ्या मुलांना एकच विनंती: नट हाताने सहज गेला तरी पिच गेज लावा, आणि तो अडला तर पाना उचलू नका, बोल्ट बाहेर काढा.