बाणाची घडण आणि महाकाव्यांतील शब्दभेद

महाभारतातील युद्धवर्णनांत नाराच, भल्ल, क्षुरप्र, अर्धचंद्र, कर्णी अशी बाणांची नावे येतात. भाषांतरात मात्र पुष्कळदा त्या सर्वांच्या जागी एकटा 'बाण' उरतो. ही नावे केवळ छंदाच्या सोयीसाठी योजलेले पर्याय आहेत, असे मानले तर प्रश्न तेथेच संपतो. तथापि बाणाच्या घडणीचा विचार केल्यास त्यांमागील व्यवहारज्ञान स्पष्ट होते.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात बाणाग्रांची तीन प्रयोजने सांगितली आहेत : छेदन, भेदन आणि ताडन. निमुळते टोक अल्प क्षेत्रावर दाब एकवटून कवच भेदते. रुंद, धारदार पाते मांस कापत मोठी जखम करते. परंतु कवचावर त्याचा जोर विखुरतो. बोथट टोक केवळ आघात करते. अर्धचंद्राने धनुष्य तोडले जाणे आणि नाराचाने कवच भेदले जाणे हे या भेदाशी सुसंगत आहे.

नाराच संपूर्ण लोखंडी असतो, यालाही अर्थ आहे. धनुष्याकडून मिळणारी ऊर्जा तेवढीच धरली, तर चौपट जड बाण निम्म्या वेगाने सुटतो. मात्र त्याचा संवेग दुप्पट असतो. तो आत खोल शिरतो, पण त्याचा पल्ला घटतो. 'कंकपत्र', 'गार्ध्रपत्र' ही विशेषणेही निव्वळ अलंकार नव्हेत. मागील पिसांमुळे हवेचा अवरोध गुरुत्वमध्याच्या मागे राहतो आणि डळमळणारा बाण पुन्हा सरळ होतो.

इलियडच्या चौथ्या सर्गात पँडारसचा बाण मेनेलाउसला लागतो. बाणाचे काटे शरीराबाहेरच राहिले आहेत, हे पाहून मेनेलाउसला धीर येतो. काटेरी अग्र आत शिरण्यापेक्षा बाहेर काढताना अधिक घातक ठरते, हे येथे गृहीत आहे. आपल्याकडील कर्णी तो हाच. मनुस्मृतीचा सातवा अध्याय युद्धात कर्णी आणि विषदिग्ध बाण निषिद्ध ठरवतो. शांतिपर्वातही तसाच निषेध असून, जखमी शत्रूवर उपचार करावेत असे त्याच प्रकरणात म्हटले आहे. याउलट अनुशासनपर्वातील शुकाच्या आख्यानात व्याध मृगावर विषारी बाण सोडतो. तो चुकून वृक्षाला लागतो आणि वृक्ष वाळून जातो. मृगयेत सावज निसटू नये एवढाच हेतू असतो. धर्मयुद्धात मात्र घायाळ शत्रू बरा होण्याची वाट मोकळी ठेवावी लागते. जो बाण काढता येत नाही, तो ही वाट बंद करतो.

तेव्हा 'कर्णी'चे भाषांतर नुसते 'बाण' असे केल्यास एक तांत्रिक तपशील तर गळतोच. शिवाय तो सोडणाऱ्यावर कवीने ठेवलेला दोषही वाचकापर्यंत पोहोचत नाही. तौलनिक अभ्यासात शस्त्रनामांचा अर्थ त्यांच्या कार्यावरून ठरविणे अगत्याचे आहे, ते याच कारणासाठी.