प्रोग्रामची औपचारिक पडताळणी: विषयाची ओळख आणि संशोधनाची वाट

बंगळुरूच्या चिकपेटमध्ये संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. रेशमी साड्यांची दुकाने, हातगाड्या, डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल. आणि या गल्ल्यांच्या पोटातून 2017 पासून मेट्रो धावते. चिकपेट स्थानकाच्या फलाटावर उभे आहात अशी कल्पना करा आणि स्वतःला विचारा: मॅजेस्टिककडून येणारी गाडी आणि पुढे थांबलेली गाडी रुळाच्या एकाच टप्प्यात कधीच येणार नाहीत, हे कशावरून? "आजवर आल्या नाहीत" हे उत्तर तुम्हाला पुरेल का?

या प्रश्नातील "कधीच" हा शब्द लक्षात ठेवा. या पाठाचा विषय तोच आहे.

1. चाचणी कुठे कमी पडते?

दोन पूर्ण संख्या घेणारे एक साधे फंक्शन समजा. प्रत्येक संख्या 32 बिटांची. म्हणजे शक्य असलेल्या जोड्या 2 चा 64 वा घात इतक्या. सेकंदाला 100 कोटी जोड्या तपासल्या तरी सगळ्या संपायला सुमारे 585 वर्षे लागतील. म्हणून चाचणी नेहमी निवडक असते. तिच्यात चूक सापडली तर चूक आहे हे कळते; सापडली नाही तर चूक नाही असे ठरत नाही.

गणितात आपण सम संख्यांबद्दलचे विधान एकेक संख्या घेऊन तपासत नाही, सिद्ध करतो. प्रोग्रामबद्दलही तसेच करणे म्हणजे औपचारिक पडताळणी. रॉबर्ट फ्लॉइड यांनी 1967 मध्ये आणि टोनी होअर यांनी 1969 मध्ये तिचा पाया घातला. पद्धत अशी: प्रोग्राम सुरू होण्याआधी काय खरे असावे ते सांगा (पूर्वअट), संपल्यावर काय खरे असले पाहिजे ते सांगा (उत्तरअट), आणि पहिल्यावरून दुसरे निघते हे सिद्ध करा.

2. एक उदाहरण: किमतींची यादी

चिकपेटमधल्या एका दुकानात साड्यांच्या किमती चढत्या क्रमाने लावलेल्या आहेत. 'क' ही किंमत यादीत आहे का, ते शोधायचे आहे. यादीत 'न' नोंदी आहेत, क्रमांक 0 पासून.

डावा = 0, उजवा = न − 1
जोपर्यंत डावा ≤ उजवा:
– मध्य = (डावा + उजवा) / 2, बाकी सोडून
– किंमत[मध्य] = क असेल तर मध्य हे उत्तर; थांबा
– किंमत[मध्य] < क असेल तर डावा = मध्य + 1
– नाहीतर उजवा = मध्य − 1
लूप संपले तर उत्तर: "नाही"

हे बायनरी सर्च तुम्ही पाठ केले असेल. आता ते बरोबर का आहे ते पाहू. त्यासाठी लूपच्या प्रत्येक फेरीला खरे राहणारे एक विधान हवे. त्याला लूप इन्व्हेरिअंट म्हणतात. इथे ते असे: *क यादीत असेल, तर तो डावा ते उजवा या पट्ट्यातच आहे.*

(अ) सुरुवातीला पट्टा म्हणजे पूर्ण यादी. विधान खरे.
(आ) एका फेरीआधी विधान खरे आहे असे धरा. मधली किंमत 'क' पेक्षा लहान असेल, तर यादी चढती असल्यामुळे तिच्या डावीकडे 'क' असूच शकत नाही. तो भाग टाकला तरी विधान खरे राहते. दुसऱ्या बाजूचेही तसेच.
(इ) प्रत्येक फेरीत पट्टा किमान एका नोंदीने आखडतो, म्हणून लूप संपतेच. पट्टा रिकामा झाला तर 'क' यादीत नाही.

बारकाईने पाहिलेत तर हे गणितातले विगमनच आहे.

3. सिद्धता बरोबर, प्रोग्राम चुकीचा

आता धक्का. जॉन बेंटली यांनी 1986 च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात बायनरी सर्चची अशीच सिद्धता मांडली होती. 2006 मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी दाखवून दिले की त्या प्रोग्राममध्ये चूक आहे. जावाच्या अधिकृत लायब्ररीत त्यांनी स्वतः लिहिलेल्या प्रोग्राममध्येही तीच चूक सुमारे नऊ वर्षे कोणाच्या लक्षात आली नव्हती.

चूक मध्य काढण्याच्या ओळीत आहे. 32 बिटांत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या 2,14,74,83,647. यादीत 1,07,37,41,824 पेक्षा जास्त नोंदी असतील आणि शोध यादीच्या शेवटाकडे गेला, तर डावा + उजवा ही बेरीज त्या मर्यादेपलीकडे जाऊन ऋण होते. मग मध्यही ऋण निघतो आणि प्रोग्राम कोसळतो. उपाय सोपा आहे: मध्य = डावा + (उजवा − डावा) / 2.

मग सिद्धता खोटी होती का? नाही. ती गणितातल्या अमर्याद पूर्ण संख्यांसाठी होती. यंत्रातल्या संख्या मर्यादित असतात. सिद्धता तिच्या गृहीतकांइतकीच भक्कम असते, हा या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा धडा. म्हणूनच आज सिद्धता हाताने न लिहिता डाफ्नी, इसाबेल, रॉक (पूर्वीचे कॉक) अशा साधनांकडून तपासून घेतात. तेथे "यंत्रातली पूर्ण संख्या" म्हणजे काय, हेही स्पष्ट सांगावे लागते.

4. प्रत्यक्षात कुठे वापरतात?

पॅरिसच्या मेट्रोची 14 क्रमांकाची चालकविरहित मार्गिका 1998 मध्ये सुरू झाली. तिच्या सुरक्षेशी संबंधित सॉफ्टवेअरच्या सुमारे 86 हजार ओळी 'बी' या पद्धतीने, सिद्धतेसह तयार केल्या होत्या. 2009 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 'एसईएलफोर' या कर्नेलची सिद्धता पूर्ण केली. सी भाषेतल्या सुमारे 8,700 ओळी, आणि सिद्धतेला सुमारे 20 मनुष्य-वर्षे! हा आकडा विसरू नका. पुढे तो लागेल.

आपल्याकडेही हे काम होते. चिकपेटपासून काही किलोमीटरवर असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत दीपक डिसूझा आणि सहकाऱ्यांनी 'फ्रीआरटीओएस' या छोट्या उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या शेड्युलरची पडताळणी केली. तो शोधनिबंध 2015 चा. पुण्यातील टीसीएस रिसर्चचे 'व्हेरिॲब्ज' हे साधन 2020 च्या आंतरराष्ट्रीय सॉफ्टवेअर पडताळणी स्पर्धेत एका मुख्य गटात पहिले आले.

5. या विषयात संशोधक व्हायचे असेल तर

आधी अडचणी. काम संथ आहे: 20 मनुष्य-वर्षांचा आकडा आठवा. पीएचडीला साधारण पाच-सहा वर्षे जातात, आणि अनेक महिने एकच लेमा अडून बसतो. शोधनिबंध इंग्रजीतच लिहावे लागतात. शिवाय ट्युरिंग यांनी 1936 मध्येच दाखवले की कोणताही प्रोग्राम थांबेल की नाही हे अचूक सांगणारी सर्वसाधारण पद्धत असू शकत नाही. म्हणजे सगळे काम यंत्रावर सोपवता येणार नाही.

पण तेच या कामाचे आकर्षणही आहे: माणसाला विचार करायला जागा कायम राहणार. तयारीसाठी तर्कशास्त्र, डिस्क्रीट गणित, ऑटोमाटा आणि कम्पायलर हे विषय मन लावून शिका. गेटमार्गे एमटेक किंवा पीएचडी हा नेहमीचा रस्ता. भारतीय विज्ञान संस्था, आयआयटी मुंबई, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि चेन्नईचीच गणितीय विज्ञान संस्था येथे या क्षेत्रातले अध्यापक आहेत. सिद्धता सुचायला इंग्रजी लागत नाही, "हे कशावरून?" हा प्रश्न मराठीतही तितकाच टोकदार आहे.

स्वाध्याय

1. यादीत बरोबर 1,07,37,41,824 नोंदी असतील तर बेरीज मर्यादेबाहेर जात नाही, हे दाखवा.
2. यादी चढती नसेल, तर वरील सिद्धतेतली कोणती पायरी मोडते?
3. 'डावा = मध्य + 1' ऐवजी 'डावा = मध्य' लिहिले, तर (अ), (आ), (इ) पैकी काय खोटे ठरते? उदाहरण द्या.
4. तुम्ही मागच्या सत्रात लिहिलेले कोणतेही एक लूप घ्या आणि त्याचा इन्व्हेरिअंट मराठीत एका वाक्यात लिहा. लिहिता येत नसेल, तर ते लूप पुन्हा वाचा.