महिन्याचे पंधराशे आणि रोजच्या दोन पुड्या

जालना जिल्ह्यातील अनेक आजी-आजोबांसाठी श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १५०० रुपये हाच हक्काचा पैसा. लोक त्याला 'पगार' म्हणतात. दहा रुपयांच्या रोज दोन पुड्या तंबाखू खाल्ली, तर त्यातले ६०० रुपये तिकडेच जातात. रक्तदाबाची गोळी का बंद केली, असे विचारले की उत्तर मिळते, 'परवडत नाही, डॉक्टरसाहेब.'

२०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. त्यातील बहुतेक जण ती ओढत नाहीत, खातात किंवा दातांना लावतात. 'मी फक्त मिश्री लावते' असे सांगणाऱ्या आजींनी लक्षात घ्यावे, की मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातील निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते. नाडी वाढते, रक्तदाबही वाढतो.

खिसा रिकामा करणाऱ्या आणखी सवयी

बरे वाटले की गोळ्या थांबवणे, ही पहिली. रक्तदाब वाढला तरी बहुधा काहीच जाणवत नाही. कधी कधी थेट अर्धांगवायूच होतो. दुसरी, गुडघे दुखले की मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणणे. त्या महिनोन्‌महिने घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा होते, पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि रक्तदाब वाढतो. तिसरी, अशक्तपणा आला की पैसे देऊन सलाईन लावून घेणे. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅमपेक्षा कमी सांगितली आहे.

कार्ड आहे, तरी खर्च होतोच

सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. मात्र हे संरक्षण मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावरचे. अर्धांगवायूनंतर महिनोन्‌महिने लागणारी शुश्रूषा, येण्या-जाण्याचे भाडे, कापूस वेचणीच्या दिवसांत सुनेची बुडालेली मजुरी, हे सारे घरालाच सोसावे लागते.

उलट, हे टाळण्याचा खर्च फारसा नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या तेथे मिळतात.

एवढे करा

• महिन्यातून एकदा जवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका.

• वेदनाशामक गोळी आणि सलाईन स्वतःच्या मनाने घेऊ नका.

• वय वंदना कार्ड आजारपण येण्याआधीच काढून ठेवा.

• तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन करा. 'आता या वयात काय सोडायचे?' असे म्हणू नका. साठी-सत्तरीत सोडली तरी फायदा होतो आणि महिन्याचे ६०० रुपये पहिल्याच महिन्यापासून हाती उरतात.